महंमद तुघलक : आपल्या दौलताबादच्या वाटेवरचा शोकांत नायक



गंगापूर तालुक्यातल्या शाळेची सहल म्हटली की दौलताबाद ठरलेलंच. वेरूळ, खुलताबादचा भद्रा मारुती आणि दौलताबादचा किल्ला, सगळं एका दिवसात. परत आल्यावर मुलांना काय आठवतं? अंधारी आठवते, तिथली वटवाघळं आठवतात, मेंढा तोफ आठवते. आणि राजा आठवतो तो एकच, वेडा महंमद. त्यानं दिल्लीची राजधानी इथं आणली, परत नेली, तांब्याची नाणी पाडली आणि फसला. तीन वाक्यांत माणूस संपला! मोठ्यांचं तरी काय वेगळं आहे? वरून एखादं न पटणारं परिपत्रक आलं की स्टाफरूममध्ये कुणीतरी त्याला तुघलकी फर्मान म्हणतंच. सातशे वर्षं होत आली तरी ज्याचं नाव असं रोजच्या बोलण्यात टोमण्यासारखं वापरलं जातं, असा दुसरा राजा मला तरी माहीत नाही.

आज याच माणसाचं चरित्र सांगणार आहे. पण त्याआधी थोडं ग्रीसला जाऊन येऊ.

माझी एक जुनी विद्यार्थिनी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता बी.ए. करते. तिला कॉलेजात प्राचीन ग्रीक नाटकातला शोकांत नायक या विषयावर लिहायचं होतं. तिनं कच्चं लिहून काढलं आणि वही मला वाचायला दिली. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, ग्रीक नाटकाशी माझा काय संबंध? पण वाचलं आणि अडकले. तिनं अॅरिस्टॉटलचं म्हणणं फार सोप्या भाषेत मांडलं होतं. शोकांतिकेचा नायक दुष्ट नसतो, कारण दुष्ट माणूस पडला की बघणाऱ्याला बरंच वाटतं. तो अगदी निर्दोष देवमाणूसही नसतो, कारण असा माणूस विनाकारण चिरडला गेला तर आपल्याला फक्त चीड येते. नायक असतो या दोघांच्या मधला. मोठ्या घरचा, मोठ्या गुणांचा, आणि हातून एक मोठी चूक होणारा. ती चूक बाहेरून येत नाही, त्याच्या गुणाच्याच पोटातून येते. म्हणून त्याची दयाही येते आणि भीतीही वाटते.

उदाहरण तिनं ईडिपसचं घेतलं होतं. सोफोक्लीसचं हे नाटक इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं, म्हणजे जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचं. ईडिपस हा थीब्ज नगरीचा राजा. कुणाला न सुटलेलं कोडं सोडवून त्यानं नगरी वाचवलेली असते, म्हणून तो राजा झालेला. पुढं नगरीत साथ येते. आधीच्या राजाचा खुनी नगरीत राहतोय म्हणून ही साथ आली, असं कळतं. ईडिपस जाहीर करतो की मी त्याला शोधून काढीनच. एक आंधळा द्रष्टा त्याला सावध करतो, तर हा त्याच्यावरच संशय घेतो. शोध घेत घेत शेवटी कळतं की खुनी तो स्वतःच आहे, मेलेला राजा त्याचा बाप होता आणि जिच्याशी लग्न केलं ती आई. मग तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. आता बघा, ज्या हुशारीनं कोडं सुटलं त्याच हुशारीनं, कुणाचं न ऐकता तडीस न्यायच्या त्याच हट्टानं त्याचा घात केला.

वहीच्या शेवटी तिनं एक प्रश्न लिहिला होता. असा नायक आपल्या मातीत कुणी झाला का? लासूर स्टेशनवरून संभाजीनगरकडं रेल्वेनं निघालात तर पोटूळ गेल्यावर दौलताबाद येतं आणि खिडकीतून तो उभा कातलेला डोंगर दिसतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या डोंगरावर सापडलं. गिरीश कर्नाडांनी यावर तुघलक नावाचं नाटक फार पूर्वीच लिहिलंय आणि विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलंय. पण नाटकाच्याही आधी खुद्द इतिहासातला माणूस कसा होता, ते बघू.

त्याचं मूळ नाव जौना. बाप गाझी मलिक हा सरहद्दीवरचा कसलेला सरदार. 1320 मध्ये हा बाप दिल्लीच्या तख्तावर बसला आणि घियासुद्दीन तुघलक झाला. जौनाला उलुघ खान असा किताब मिळाला. तरुणपणीच त्याला वरंगळवर पाठवलं. पहिली स्वारी फसली, 1323 च्या सुमाराला दुसरी यशस्वी झाली आणि काकतीय राजा प्रतापरुद्र कैद झाला. म्हणजे आपला हा देवगिरीचा मुलूख, दक्षिणेचे रस्ते, इथलं ऊनपाणी हे सगळं त्याच्या पायाखालचं होतं. राजधानीसाठी त्यानं नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं नव्हतं.

1325 मध्ये घियासुद्दीन बंगालची मोहीम आटोपून परत आला. स्वागतासाठी दिल्लीजवळ अफगाणपूरला मुलानं घाईघाईनं एक लाकडी मंडप उभारला होता. जेवणं झाली, हत्तींची मिरवणूक सुरू झाली आणि मंडप कोसळला. सुलतान गेला, धाकटा मुलगाही गेला. बरनी हा त्या काळचा इतिहासकार वीज पडल्याचं लिहितो. इब्न बतुता हा मोरोक्कोचा प्रवासी, तो मात्र मंडप मुद्दाम पडेल असाच बांधला होता असं ऐकून लिहितो. खरं काय, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण ईडिपस वाचल्यावर ही हकीकत वाचली की अंगावर काटा येतो. बापाच्या मरणाची सावली ज्याच्या राज्यारोहणावर पडली, असा हा दुसरा राजा.

आता त्याचे गुण बघा. अरबी-फारसीवर प्रभुत्व, अक्षर मोत्यासारखं. तर्कशास्त्र, गणित, वैद्यक, खगोल यांचा अभ्यास. रोग्यांना स्वतः तपासायचा. वादात मोठमोठ्या पंडितांना गप्प करायचा. दारूपासून दूर, नमाजाला पक्का. पण धर्माच्या भिंतीत अडकून बसणारा नव्हता. जैन आचार्य जिनप्रभसूरींना त्यानं दरबारात बोलावून मान दिला, त्यांच्याशी चर्चा केल्या. हलक्या मानलेल्या जातीतल्या माणसांना आणि परदेशी विद्वानांनाही नुसत्या गुणावर मोठमोठ्या जागा दिल्या. इब्न बतुता दिल्लीला आला तर त्याला थेट काझी नेमलं, पगार वर्षाला बारा हजार दिनार!

इब्न बतुतानं सांगितलेला एक प्रसंग वर्गात सांगण्यासारखा आहे. सुलतानानं आपल्याला विनाकारण मारलं, अशी तक्रार एका सरदाराच्या पोरानं काझीकडं केली. काझीनं निकाल सुलतानाच्या विरुद्ध दिला. सुलतानानं त्या पोराला दरबारात बोलावलं, त्याच्या हातात छडी दिली आणि जेवढं मी तुला मारलं तेवढं मला मार म्हणून फर्मावलं. पोरानं एकवीस छड्या मारल्या, सुलतानाची टोपी उडून पडली. त्या काळात असा सुलतान! आणि हाच इब्न बतुता लिहितो की या सुलतानाच्या दारात रोज एखादा गरीब श्रीमंत होत असतो आणि एखाद्या जिवंत माणसाचं प्रेत पडत असतं. दोन्ही खरं होतं, आणि माणूस एकच.

आता आपल्याकडं येऊ. 1327 च्या सुमाराला त्यानं देवगिरीला राजधानीचा दर्जा दिला आणि गावाचं नाव दौलताबाद ठेवलं. यात वेडेपणा काय होता, ते शोधून बघा. सापडत नाही. राज्य मदुराईपर्यंत पसरलेलं. दिल्ली एका टोकाला, तीही मंगोलांच्या हल्ल्यांच्या तोंडावर. दक्षिणेत नुकतंच त्याच्याच आतेभावानं, बहाउद्दीन गुर्शास्पनं बंड केलेलं. मध्यभागी एक ठाणं हवं होतं. देवगिरी यादवांची राजधानी, तासलेला कडा, खंदक, सुपीक मुलूख, चालू बाजारपेठ. कुठल्याही शहाण्या माणसानं हीच जागा निवडली असती. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, तिच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली, मुक्कामाच्या ठिकाणी खाण्यापिण्याची सोय केली.

पण हुकूम काय काढला? दिल्लीतले सरदार, उलेमा, सूफी आणि त्यांचे कुटुंबकबिले यांनी दौलताबादला जायचंच. पिढ्यान् पिढ्यांची घरं, आईबापांच्या कबरी सोडून माणसं निघाली. उन्हाळ्यातले रस्ते, म्हातारी माणसं, लेकरं. कित्येक वाटेतच गेले. जी पोहोचली त्यातली बरीच इथं झुरली. बरनी हे सांगताना अक्षरशः रडतो.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते. सगळी दिल्ली ओस पडली, कुत्रं-मांजरही उरलं नाही, एका आंधळ्याला ओढत नेलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोहोचला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती इब्न बतुताची. पण तो दिल्लीला आला 1334 मध्ये, म्हणजे स्थलांतरानंतर सात वर्षांनी. त्यानं जे लिहिलं ते ऐकीव. त्याच वर्षांतली दिल्लीच्या टाकसाळीची नाणी मिळालेली आहेत. दिल्लीच्या परिसरात 1327-28 चे संस्कृत शिलालेख आहेत, त्यात तिथल्या व्यापारी कुटुंबांची भरभराट दिसते. त्यामुळं हलवलं ते मुख्यतः वरच्या थरातल्या लोकांना, असं आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. पाचवीच्या पुढच्या मुलांना ऐकीव पुरावा आणि हातातला पुरावा यातला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

हे सांगून मी सुलतानाला माफी देत नाहीये. माणसं मेली, ती मेलीच.

काही वर्षांनी, 1335 नंतर, त्यानं लोकांना परत जायची मोकळीक दिली. म्हणजे पुन्हा तीच वाट. पण सगळे परत गेले नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब हे सूफी संत इथंच राहिले. कवी अमीर हसन दिल्लीहून आले आणि इथंच गेले. आज खुलताबादला त्यांच्या कबरी आहेत, आपण भद्रा मारुतीला जाताना त्यांच्या जवळूनच जातो. त्या माणसांनी आणलेली उत्तरेची बोली इथल्या मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये मिसळली आणि दखनी तयार झाली. गंगापूरच्या आठवडी बाजारात आज आपण जी हिंदी ऐकतो, जिला शहरातली माणसं हसतात, तिची एक मुळी त्या फसलेल्या स्थलांतरात आहे. सुलतानाच्या मनात हे काहीच नव्हतं.

इब्न बतुता दौलताबादलाही येऊन गेला. किल्ल्यातल्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर आहेत, मांजरं त्यांना घाबरून पळतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. मुलांना हे जरूर सांगा, किल्ला बघताना त्यांचे पाय आपोआप लवकर उचलतात.

नाण्यांचं प्रकरण 1329-30 चं. चांदी कमी पडत होती, फौजेचा खर्च वाढला होता. सुलतानानं पितळ-तांब्याचं नाणं काढलं आणि त्याची किंमत चांदीच्या टंकाइतकी धरायची असा हुकूम केला. आपल्या दौलताबादच्या टाकसाळीतही हे नाणं पडलं. नाण्यावर आज्ञापालनाचा उपदेशच कोरला होता. आता खिशातली नोट काढून बघा. त्या कागदाची स्वतःची किंमत किती? सरकारच्या शब्दाची ती किंमत. चीनमध्ये कुबलाई खानानं कागदी पैसा चालवला होता. इराणमध्येही तो प्रयोग त्याआधी झाला होता आणि तिथं पार फसला होता. म्हणजे कल्पना वेडी नव्हती, तिच्यातला धोकाही माहीत असण्यासारखा होता. फसलं कुठं? सरकारी नाणं आणि घरी पाडलेलं नाणं यात फरक करता येईल अशी काही खूणच नव्हती. तांबट-सोनार घरोघरी होते. जो तो नाणी पाडायला लागला, सारा तांब्यात भरायला लागला, चांदी मात्र पेटीत दडवून ठेवायला लागला. परदेशी व्यापाऱ्यांनी ते नाणं घ्यायचं बंद केलं.

आणि मग त्यानं जे केलं ते बघा. दोन-तीन वर्षांत प्रयोग मागं घेतला. नुसता मागं घेतला नाही, तर तांब्याचं नाणं आणा आणि खजिन्यातून चांदी-सोनं घेऊन जा, असं जाहीर केलं. खोटी नाणीसुद्धा आली. तुघलकाबादला तांब्याच्या नाण्यांचे ढीग पडले आणि खजिना रिकामा झाला. एखादा लबाड राजा असता तर हात वर करून मोकळा झाला असता. यानं शब्द पाळला आणि शब्द पाळूनच बुडाला. माझी विद्यार्थिनी जिला नायकाच्या गुणाच्या पोटातली चूक म्हणते, ती मला इथं सगळ्यात स्पष्ट दिसते.

दोआबातला सारा वाढवला, त्याच वेळी दुष्काळ पडला. हे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. वसुली थांबली नाही. शेतकरी शेतं जाळून, घरं सोडून रानात गेले, तर त्यांच्यामागं फौज पाठवली. मग दुष्काळ वर्षानुवर्षं लांबला तेव्हा मात्र हाच सुलतान जागा झाला. विहिरी आणि बी-बियाण्यासाठी कर्जं वाटली, आपल्याकडं पूर्वी ज्याला तगाई म्हणायचे तशी. शेतीसाठी निराळं खातंच उघडलं. दिल्लीत अन्न वाटलं. स्वतः राजधानी सोडून गंगेकाठी छावणी टाकून राहिला, तिचं नाव स्वर्गद्वारी. पण कर्ज वाटणाऱ्यांनी पैसे खाल्ले, पडीक जमीन पडीकच राहिली. उपाय चांगला, पण माणसं तुटल्यावर आलेला.

खुरासानच्या स्वारीसाठी लाखोंची फौज उभी केली, वर्षभराचा पगार दिला आणि स्वारी झालीच नाही. हिमालयात कराचिलकडं फौज पाठवली, ती पावसात, कड्यांत आणि डोंगरी लोकांच्या दगडांखाली संपली. ही कहाणी सांगायला मोजकेच स्वार परत आले.

1335 च्या सुमाराला मदुराईच्या सुभेदारानं बंड केलं, म्हणून सुलतान स्वतः दक्षिणेत निघाला. वरंगळला छावणीत साथ आली. हजारो माणसं गेली, सुलतानही आजारी पडला. मदुराई कायमची हातची गेली. परतीच्या वाटेवर तो आपल्या भागातून आला. बीडजवळ त्याचा दात दुखत होता, तो काढला आणि त्या दाताची कबर बांधली, असं फिरिश्ता हा नंतरचा इतिहासकार सांगतो. बीडजवळ ती जागा आजही दाखवतात. पुढं पैठणला गोदावरीकाठी दुखणं बरं व्हावं म्हणून तो थांबला. एवढा मोठा बादशहा, अर्धी फौज साथीत गेलेली, आणि दातदुखीनं बेजार होऊन गोदाकाठी पडलाय. हसायला येतं, आणि मग येत नाही.

त्याच्या राज्यात वीसहून जास्त बंडं झाली. प्रत्येक बंडानंतर शिक्षा आणखी क्रूर. गुर्शास्पला जिवंत सोलून काढलं होतं, ती तर सुरुवात होती. शेख शिहाबुद्दीन नावाचे एक साधू पुरुष होते. त्यांनी सुलतानाला तोंडावर जुलमी म्हटलं आणि शब्द मागं घ्यायला नकार दिला. त्यांचं डोकं उडवलं. त्यांना भेटायला गेला होता म्हणून इब्न बतुतावरही पहारा बसला. बिचारा काझी, उपास करत मरणाची वाट बघत बसला. थीब्जच्या त्या आंधळ्या द्रष्ट्याची आठवण येते की नाही? तो निदान जिवंत तरी घरी गेला.

मग माणूस बिघडला कुठं? मला विचाराल तर मी म्हणेन, घाईत. त्याची बुद्धी वीस पावलं पुढं होती आणि मागून येणाऱ्यांसाठी थांबायचं त्याला ठाऊक नव्हतं. ज्याला पहिल्या वाचनात सगळं कळतं तो मास्तर कधीकधी वर्गाला फार वाईट शिकवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एकदा सांगितलं, पटवून दिलं, तरी कळत नाही म्हणजे ही मुद्दाम केलेली आगळीक आहे, असंच त्याला वाटत जातं. सुलतानाला आपली रयत तशीच वाटायला लागली. सल्ला विचारायचा त्यानं बंद केला, आणि सल्ला देणाऱ्यांनी तोंड.

त्या तोंड बंद करणाऱ्यांतच झियाउद्दीन बरनी होता. ग्रीक नाटकात एक कोरस असतो. कीर्तनात बुवांच्या मागं टाळकरी उभे असतात ना, तसा. तो सगळं बघतो, हळहळतो, पण नायकाचा हात धरत नाही. बरनी सतरा वर्षं सुलतानाच्या बैठकीतला माणूस होता. म्हातारपणी, 1357 मध्ये, गरिबीत पडलेला असताना त्यानं आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात कबुली दिली आहे की जिवाच्या भीतीनं आणि पैशाच्या लोभानं आम्ही त्याला खरं सांगितलं नाही. सुलतानाच्या क्रूरपणापेक्षा मला हे पान जास्त लागतं. जाणते लोक गप्प बसले होते, पगार घेत होते.

शेवटचा अंक पुन्हा आपल्या दौलताबादचा. 1345 च्या सुमाराला माळव्याच्या सुभेदारानं धारला शतनायकांपैकी ऐंशीच्या वर लोकांची एका झटक्यात कत्तल केली. सुलतानानं त्याचं कौतुक केलं, मानाची वस्त्रं पाठवली. बाकीच्या शतनायकांनी काय ओळखायचं ते ओळखलं. गुजरात पेटलं. दौलताबादच्या शतनायकांना भडोचला बोलावणं आलं, ते वाटेतूनच उलटे फिरले. किल्ला घेतला, खजिना घेतला आणि आपल्यातल्या इस्माईल मुख याला सुलतान करून टाकलं. महंमद तुघलक धावत आला. किल्ल्याखालच्या मैदानात लढाई जिंकला, किल्ल्याला वेढा घातला. विचार करा, वीस वर्षांपूर्वी ज्या गावाला त्यानं स्वतः नाव दिलं, आपल्या राज्याचं हृदय केलं, त्याच्याच तटाबाहेर तो तंबूत बसलाय आणि आत दुसरा सुलतान आहे. तेवढ्यात गुजरातेत तघी नावाच्या माणसानं बंड केल्याची बातमी आली. वेढा सरदारांवर सोपवून तो निघाला. तो गेल्यावर हसन गंगू परत फिरला, शाही फौज मोडली, आणि 3 ऑगस्ट 1347 ला दौलताबादलाच तख्तावर बसला. बहमनी राज्य सुरू झालं. दख्खन दिल्लीच्या हातून गेली ती जवळजवळ अडीचशे-तीनशे वर्षं.

गुजरातच्या त्या वाटेवर बरनी बरोबर होता. सुलतानानं त्याला विचारलं की अशा वेळी पूर्वीच्या राजांनी काय केलं. राज्य म्हणजे आजारी शरीर झालंय, एका दुखण्यावर औषध द्यावं तर दुसरं उपटतं, असंही तो बोलून गेला. बरनीनं भीत भीत सांगितलं की काही राजांनी मुलाच्या हाती राज्य देऊन बाजूला होणं पत्करलं, तर काहींनी रयत ज्याला वैतागली ती गोष्टच सोडून दिली. सुलतानालाही मक्केला जायची इच्छा होती. पण आधी बंडखोरांचा निकाल, मग बाकीचं. रयत माझ्यावर रागावलीय, मी रयतेवर, आता औषध म्हणजे तलवारच, असं त्याचं म्हणणं पडलं. ईडिपसला शेवटी सगळं दिसतं. यालाही दिसलं होतं. पण दिसूनही पाय त्याच वाटेनं चालत राहिले.

तघीचा पाठलाग करत तो सिंधमध्ये गेला. थट्ट्याजवळ सिंधू नदीच्या काठी छावणी पडली होती. रोजा सोडल्यावर मासे खाल्ले, ताप उलटला. 20 मार्च 1351 ला तिथंच तो गेला. तघी काही सापडला नाही.

छावणीतच चुलतभाऊ फिरोज सुलतान झाला. हा फिरोज बुद्धीनं त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, पण शांत डोक्याचा. दिल्लीला स्थिरस्थावर झाल्यावर त्यानं एक काम केलं, ते त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलंय. महंमदाच्या हुकुमानं ज्यांची माणसं मारली गेली त्यांचे वारस, आणि ज्यांचे हात, पाय, नाक, डोळे गेले ते लोक, यांना शोधून काढलं. त्यांना देणग्या दिल्या आणि आम्ही त्या मेलेल्या सुलतानाला क्षमा केली, असं साक्षीदारांसमक्ष लिहून घेतलं. ते सगळे कागद एका पेटीत भरले आणि ती पेटी महंमद तुघलकाच्या कबरीच्या उशाशी ठेवली.